बारा नंबरचा गळ

चैतराममामाच्या तंबाखूच्या डबीत चार माश्या होत्या.
मेलेल्या नव्हेत, कधी जिवंतही नव्हत्या.
हिमाचलात रस्त्याच्या कामावर बावीस वर्षं रोलर चालवला,
तिथल्या कुण्या म्हाताऱ्यानं दिल्या म्हणे,
बर्फाच्या पाण्यातल्या ट्राउटसाठी.

आमच्या बोडीत ट्राउट नाही.
दाडक आहे, डोकऱ्या आहे, गाळात शिंगूर,
आणि मरळ, जी कुणाचं ऐकत नाही.

"तुले जमते," मामा म्हणाला,
"बिलाऊजाले हुक लावतेस ना?"
त्याचा उजवा हात मागच्या पोळ्यापासून
मांडीवर नुसता ठेवलेला असतो,
दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.
म्हणून बोलणं त्याचं, बोटं माझी.

साकोलीच्या बाजारातून गळ आणले, बारा नंबरचे.
दुकानदार म्हणाला, एवढ्यानं काय धरणार, मुंगी?
गळ पकडून ठेवायला काही नव्हतं,
मशीनच्या पायाखाली दाबला, जिथे एरवी काठ दाबते.
सटकला, तो थेट अंगठ्यात.
"हा पयला धडा," मामा म्हणाला. "गळ आधी आपल्यालेच धरते."
मग पक्कड घेतली, दांड्यांना सायकलच्या ट्यूबची चकती.

मशीनचा धागा जाड पडतो.
रेशमाची लड उसवून एकच पदर काढायचा,
मेणावरून ओढायचा,
गळाच्या डोळ्यापासून मागे न्यायचा,
वेढ्याला वेढा लागून, वेढ्यावर वेढा न चढता.
मागून पुढे यायचं ते पिसानं.
पीस मानेचंच हवं, शेपटीचं चालत नाही.
फुलवंताबाईच्या लाल कोंबड्याकडे मी पाच मागितली,
त्यानं दोन दिली,
आणि फुलवंताबाईनं आठ दिवस बोलणं टाकलं.

सहावी माशी माशीसारखी दिसली.
निदान मला.

डोमाजी पचारे तुडुमापाशी जाळं वाळवत होता.
तळहातावर घेतली, फुंकर मारली.
"हा किडा कोनत्या गावचा होय वो बाई?"
हिमाचलचा, म्हटलं.
"मंग त्याले तिकडंच जाऊ दे.
आमची मासोरी अनोळखी पाव्हन्याच्या हातचं खात नाई."
मग पाळीखालच्या पिवळ्या धानाकडे बोट केलं.
वारा आला की बांधीतले नाकतोडे उडतात,
उडता उडता पाण्यात येतात.
"कसा पडते ते पाय. मंग बांध."

दोन संध्याकाळ काही बांधलं नाही.
नाकतोडा पडतो, बुडत नाही.
परक्या घरी आल्यासारखा थोडा वेळ हलतही नाही.
मग मागचे पाय एकदाच झाडतो,
आणि त्या एका झटक्याला
खालून पाणी उघडतं.

घरी येऊन सांगितलं.
मामा बराच वेळ गप्प.
"बावीस वर्सं त्या पान्याच्या काठानं गेलो," म्हणाला,
"किडा नाई पायला कधी. डबीच पायली."

सातवी हिरवी.
पोपटी साडीच्या फॉलचा दोरा,
पिसाचे दोन पाय, गुडघ्यात गाठ मारून वाकवलेले.
शेवटच्या फासावर मामानं डावा अंगठा दाबून धरला,
मी ओढलं.

बांबूच्या काडीवरून तुडुमाच्या सावलीत टाकली.
पडली.
थांबली.
एकदा झाडली.
पाणी उघडलं, मनगटाला हिसका बसला,
आणि गाठ सुटली.
पीस तेवढं तरंगत वर आलं, दोरा त्याच्यामागे,
हातात गळ, उघडा, नवाकोरा.
"फसली होती!" पलीकडून डोमाजी ओरडला,
स्वतःचीच सुटल्यासारखा.

फसली होती.
म्हणजे एवढा वेळ तरी
माझा किडा या गावचा होता.

रात्री सरपंचीणबाईंचं पोलकं घेऊन बसले, सकाळी द्यायचं होतं.
सहा हुक लावले, दिवा मालवला.
उजेडात पाहते तर चौथ्या हुकाखाली
कोंबड्याचं लाल पीस शिवलं गेलेलं.
ओढून पाहिलं. निघेना.
दातांनी ओढलं. निघेना.
पोलकं मांडीवर ठेवून केव्हाची बसले आहे,
बाहेर सरपंचीणबाई हाक मारताहेत,
आणि मी आठवते आहे
ती गाठ
कशी मारली होती.